शंभरपर्यंत म्हणता येतं, पण सात शेंगदाणे देता येत नाहीत: लहान मुलांना संख्या आणि माप कसं कळत जातं

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेचार वर्षांची. एक ते शंभर न अडखळता म्हणते. पण "मला सात शेंगदाणे दे" म्हटलं की मूठ भरून देते. एकसारखं सरबत बुटक्या आणि उंच पेल्यात ओतलं तर उंच पेल्यात जास्त आहे म्हणून तोच मागते. शाळेत १ ते ५० लिहायला लावतात आणि "गणितात मागे आहे" असा निरोप आलाय. आईला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: काळजी करायची का, आणि घरी पट्टी, वजनकाटा आणून मोजमाप शिकवायला सुरुवात करायची का?

ताई, काळजीचं कारण नाही. शंभर शब्द ओळीने म्हणणं आणि सात म्हणजे केवढे हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांमध्ये त्या वेगवेगळ्या वाढतात आणि साधारण साडेतीन ते पाच या वयात कधीतरी एकमेकींशी जोडल्या जातात. तुमच्या मुलीत तो सांधा अजून पक्का झालेला नाही, एवढंच. पट्टी आत्ता आणू नका. तिच्याआधी करायचं पुष्कळ आहे आणि त्याला लागणारं सगळं सामान तुमच्या घरात आहे. बालवाडी ते दुसरीची मुलं आणि त्यांचे शिक्षक यांच्याबरोबर मी अनेक वर्षं काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्द येण्याच्या कितीतरी आधी बाळाला कमी-जास्त कळतं. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा महिन्यांच्या बाळांना ठिपक्यांची चित्रं दाखवली होती. ८ ठिपके बघून बघून कंटाळलेलं बाळ १६ ठिपके आले की पुन्हा टक लावून बघतं, पण ८ नंतर १२ आले तर त्याला काही नवं वाटत नाही. म्हणजे दुपटीचा फरक त्याला कळतो, दीडपटीचा कळत नाही. ही अंदाजाची जाण वयाबरोबर बारीक होत जाते. शिवाय एक, दोन, तीन वस्तू न मोजता नजरेनेच ओळखण्याची क्षमताही मुलात लवकर दिसते. या दोन्ही गोष्टी कोणी शिकवत नाही. पण त्यांच्यातून 'सात' तयार होत नाही. अंदाजाला सात आणि आठ जवळपास सारखेच दिसतात, आणि नजर तीन-चारच्या पुढे पोचत नाही. सातसाठी भाषा लागते, मोजणी लागते आणि सोबत बोलणारं मोठं माणूस लागतं.

दोन-अडीच वर्षांचं मूल "एकदोनतीनचार" म्हणतं तेव्हा त्याच्यासाठी तो एकच लांब शब्द असतो. कुठे तोडायचा हे त्याला माहीत नसतं. हळूहळू शब्द सुटे होतात, पण सुरुवात एकपासूनच करावी लागते. "सहापासून पुढे म्हण" म्हटलं तर मूल गप्प होतं किंवा पुन्हा एकवर जातं. त्यानंतर शब्दांची ही साखळी मध्येच कुठूनही पकडता येते, आणि शेवटी उलटीही म्हणता येते. कॅरन फ्यूसन यांनी १९८०च्या दशकात या पायऱ्या नीट मांडल्या. तुमच्या मुलीला आजच विचारून बघा: "आठनंतर कोण?" लगेच सांगितलं तर साखळी सुटी झाली आहे. तोंडात पुटपुटत एकपासून सुरुवात केली तर अजून व्हायची आहे. शंभरपर्यंत म्हणणाऱ्या अनेक मुलांना हा प्रश्न अडवतो.

आता शेंगदाण्यांकडे. "हे किती आहेत?" असं विचारलं तर मूल बोट ठेवत मोजतं, शेवटचा शब्द "सात" म्हणतं आणि आपण खूश होतो. पण "सात दे" या मागणीत थांबायचं कुठे हे मुलालाच ठरवावं लागतं. म्हणून समज तपासायची तर "दे" म्हणून तपासावी. कॅरन विन यांनी १९९०च्या सुमारास अशाच साध्या मागणीतून जे दाखवलं ते आजही टिकून आहे. मुलाला आधी फक्त 'एक'चा अर्थ कळतो. एक मागितला तर एक देतं, दुसरं काहीही मागितलं तर मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' पक्कं होतं, मग 'तीन', काहींचं 'चार'. तोवर मूल दहापर्यंत सरळ म्हणत असतं, तरी पाच मागितले की मूठच येते. आणि मग एका टप्प्यावर उडी पडते: मोजताना शेवटी जो शब्द आला तो सगळ्या ढिगाबद्दल आहे, हे कळतं. त्यानंतर पाच, सात, नऊ एकेक करून शिकवावे लागत नाहीत. 'एक'च्या अर्थापासून या उडीपर्यंत साधारण वर्ष जातं, काही मुलांना त्याहून जास्त लागतं.

तुमची मुलगी तीन देते का, चार देते का, ते आधी बघा. तीन नीट देत असेल आणि सातला मूठ भरत असेल तर ती उडीच्या अगदी अलीकडे आहे. आणखी एक खूण सांगते. तिने मोजून "सात" म्हटल्यावर लगेच विचारा, "मग किती आहेत?" पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली तर "किती" या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजण्याची कृती असं तिला वाटतंय. शेवटचा शब्द हेच उत्तर आहे, हे अजून उमगलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे जास्त म्हणवून घेणं नव्हे. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लिव्हाइन आणि सहकाऱ्यांनी घरातली रोजची बोलणी नोंदवून पाहिली. ज्या घरांत मूल लहान असताना संख्येबद्दल जास्त बोललं जात होतं, तिथल्या मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास संख्येचा अर्थ जास्त चांगला कळत होता. त्यातही डोळ्यांसमोरच्या वस्तूंबद्दल बोललेलं जास्त उपयोगी पडत होतं. म्हणून नुसतं म्हणवून घेण्यापेक्षा समोरच्या वस्तूंना संख्येचं नाव द्या आणि लगेच मोजूनही दाखवा: "ताटात चार पोळ्या आहेत. एक, दोन, तीन, चार. चार पोळ्या." आधी संख्या, मग मोजणी, मग पुन्हा संख्या. दिवसातून पाच-सहा वेळा सहज होतं. चपला जोडीने लावताना, कपड्यांचे चिमटे काढताना, लसूण सोलायला बसवलं असताना. तीन-चारच्या ढिगांवर थांबू नका, पाच ते दहाही बोला, कारण तिला आता तिथेच आधार हवा आहे.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची पाच तत्त्वं सांगितली होती. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम ठरलेला, शेवटचा शब्द म्हणजे एकूण, वस्तू कुठल्याही चालतात, आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी चालते. शेवटचं तत्त्व आपण घरी विसरतो. पाच वाट्या डावीकडून मोजून झाल्या की "आता मधल्या वाटीपासून मोजू या, किती येतील?" असं विचारा. मुलं थबकतात. त्या थबकण्यातच विचार चाललेला असतो, म्हणून लगेच उत्तर सांगू नका.

मराठीतल्या संख्यानामांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण आपल्या मुलांवर एक जास्तीचं ओझं आहे. दहापर्यंत सगळं ठीक असतं. पुढे एकवीस, बावीस, तेवीस असं एकक आधी आणि दशक नंतर येतं, तर लिहिताना दशक आधी. म्हणून 'पंचवीस' ऐकल्यावर पहिलीतलं मूल ५ आधी लिहितं आणि ५२ होतं. ही आळशीपणाची चूक नाही. त्याने जे ऐकलं तेच क्रमाने लिहिलं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास: अजून न आलेल्या दशकाचं नाव घेऊन त्यातून एक कमी. नव्व्याण्णवला ही पद्धतही सुटते. पन्नाशीत 'पन्नास' हा शब्द बावन्न, छप्पन्न असा वेष पालटतो, सत्तरीत 'सत्तर'चं 'हत्तर' होतं. शंभरपर्यंतची जवळजवळ सगळी नावं सुटी सुटी पाठ करावी लागतात. चिनी भाषेत अकराला 'दहा एक' आणि पंचवीसला 'दोन दहा पाच' अशा अर्थाचे शब्द आहेत. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात चिनी मुलं दहाच्या पुढची मोजणी अमेरिकन मुलांपेक्षा लवकर आणि कमी चुकांनी शिकताना दिसली, दहाच्या आत मात्र दोघांत फारसा फरक नव्हता.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली एकवीस, बावीस यांसाठी 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली होती. बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक झाला की मुलांचा गोंधळ कमी होतो, ही भूमिका मला पटते, आणि तरीही 'पंचवीस' सोडू नये असं मला वाटतं. बाजारात, बसमध्ये, आजीच्या बोलण्यात पंचवीसच असणार आहे. वर्गात आम्ही दोन्ही शेजारी ठेवतो: दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या हातात घेऊन "वीस आणि पाच, पंचवीस". काही आठवड्यांत अंकांची अदलाबदल बरीच कमी होते. तुमची मुलगी इंग्रजी माध्यमात जाणार असेल तर तिला दोन्ही भाषांत मोजू द्या, पण एका वेळी एकाच भाषेत. आणि हो, साडेचार वर्षांच्या मुलीने मराठीत शंभरपर्यंत बिनचूक म्हणणं ही स्मरणशक्तीची मोठी कामगिरी आहे. त्याबद्दल तिचं कौतुक करा.

सरबताच्या पेल्यांबद्दल स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच लिहून ठेवलंय. दोन ओळींत सारखीच बटणं असली आणि एक ओळ पसरली तर चार-पाच वर्षांचं मूल पसरलेल्या ओळीत जास्त आहेत म्हणतं. द्रव उंच पेल्यात ओतला तर वाढला म्हणतं. आकार बदलला तरी प्रमाण तेच राहतं, ही खात्री संख्येबाबत साधारण सहा-सातच्या सुमारास येते. वजनाबाबत त्यानंतर, आणि आकारमानाबाबत तर अकरा-बाराच्या आसपास. वयाचे आकडे मागेपुढे होतात, क्रम मात्र बहुतेक ठिकाणी असाच दिसतो. पियाजेंच्या प्रयोगावर एक महत्त्वाचा आक्षेपही आहे. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ साली तीच ओळ एका खोडकर अस्वलाच्या खेळण्याकडून 'चुकून' विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी "तेवढीच आहेत" असं बरोबर सांगितलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं, उत्तर बदलायला हवं असणार. म्हणून घरी परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका. आणि "अगं, सारखंच आहे ना!" असं दहा वेळा समजावूनही उपयोग होत नाही. तिच्याच हातून ओतू द्या, परत जुन्या पेल्यात ओतून बघू द्या. सांडेल. सांडू द्या.

आता मोजमाप. मला या उत्तरात सगळ्यात जास्त इथेच थांबायचं आहे, कारण शाळांत हा विषय सर्वात वाईट शिकवला जातो. पहिलीत चित्रातल्या पेन्सिलीखाली लांबी लिही, तिसरीत सेंटिमीटरचं मीटर कर, झालं. शेंगदाणे मोजताना 'एक' कोणता हे आपोआप ठरलेलं असतं: प्रत्येक शेंगदाणा सुटा आहे. पण सतरंजी किती लांब, घागरीत पाणी किती, इथे सुटं काहीच नाही. इथे 'एक' आपण ठरवायचा असतो. एक वीत, एक वाटी, एक पाऊल. तो ठरवायचा, बदलायचा नाही, न फट ठेवता आणि एकावर एक न चढवता पुन्हा पुन्हा लावायचा, आणि तो किती वेळा लागला ते मोजायचं. एवढं सगळं करावं लागतं, आणि मूल हे हळूहळू, ठरावीक क्रमाने शिकतं.

सुरुवातीला मुलासाठी सगळं 'मोठं' असतं. उंच माणूस मोठा, जाड दोरी मोठी, जड दगड मोठा. लांब, उंच, रुंद, जाड, जड असे गुण वेगळे होणं हीच पहिली पायरी, आणि ती शब्दांनी होते. "मोठा डबा दे" ऐवजी "उंच डबा दे", "रुंद तोंडाचा डबा दे" असं म्हणायला सुरुवात करा. मग थेट तुलना येते. दोन काड्या शेजारी ठेवून कुठली लांब ते सांगायचं. चार वर्षांचं मूल फक्त पुढची टोकं बघतं, मागची टोकं सरळ रेषेत आहेत की नाही याकडे त्याचं लक्ष नसतं. "दोघींना भिंतीला टेकवून उभं करू या" एवढं सुचवलं की पुरतं. भाऊ-बहिणी पाठीला पाठ लावून उंची बघतात, त्यातही एकजण पाटावर उभा राहिला तर चालेल का, हा फार चांगला प्रश्न आहे.

त्यानंतरची पायरी मला सर्वात सुंदर वाटते. कपाट दाराबाहेर निघेल का? कपाट उचलून दाराशी नेता येत नाही. मग सुतळीने कपाटाची रुंदी घ्यायची आणि ती सुतळी दाराला लावायची. इथे मूल पहिल्यांदा एका तिसऱ्या वस्तूच्या मध्यस्थीने दोन गोष्टींची तुलना करतं. संख्या अजून आलेली नाही, पण मोजमापाचा गाभा आलाय. पाच ते सहा या वयात बऱ्याच मुलांना हे जमायला लागतं, आणि पट्टी हातात देऊन ही पायरी ओलांडता येत नाही.

मग येतात एकसारखी मापं. सतरंजीवर वह्या ओळीने मांडून "किती वह्या लांब?" असं विचारलं की मुलं वह्यांमध्ये फटी ठेवतात, एक वही दुसरीवर चढवतात, वह्या संपल्या की तिथे पुस्तक ठेवून तेही एक म्हणून मोजतात. यातली प्रत्येक चूक आपल्याला काहीतरी सांगते. पुस्तकही 'एक' धरणाऱ्या मुलाला वस्तू मोजता येतात, लांबी मोजता येत नाही. पुढे फक्त एकच वही देऊन मोजायला सांगा. आता तीच उचलून पुढे ठेवावी लागते, खूण करावी लागते. हे अवघड आहे आणि पहिली-दुसरीत जमतं. याच सुमारास मुलाला कळू लागतं की माप लहान असेल तर संख्या मोठी येते. आजोबांच्या वितीने पाट तीन वीत, नातीच्या वितीने पाच वीत. "मग पाट खरं केवढा?" मूल अस्वस्थ होतं, आणि सगळ्यांसाठी एकच ठरलेलं माप हवं ही गरज त्याची स्वतःची होते. सेंटिमीटर त्यानंतर यावा.

पट्टी ही मुलांसाठी फसवी वस्तू आहे. तिच्यावर आकडे आणि रेघा दिसतात, पण मोजायच्या असतात त्या रेघांमधल्या जागा. तिसरी-चौथीच्या मुलांना पट्टीचं सुरुवातीचं टोक तुटलंय असं सांगून पेन्सिल ३ पासून ८ पर्यंत ठेवली, तर बरेचजण "८ सेंटिमीटर" म्हणतात, काही "६" म्हणतात कारण ते ३, ४, ५, ६, ७, ८ हे आकडे मोजतात. उत्तर ५ आहे, कारण जागा पाच आहेत. ज्याने वही उचलून उचलून सतरंजी मोजली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पट्टी द्यायचीच असेल तर आधी मुलाकडून पट्टी बनवून घ्या: पुठ्ठ्याच्या पट्टीवर त्याच्या अंगठ्याच्या रुंदीएवढे खण आखायचे, आणि खण संपतो तिथे आकडा लिहायचा.

वजनाची गोष्ट थोडक्यात: मुलांना मोठं ते जड वाटतं. चुरमुऱ्यांची फुगलेली पिशवी आणि मिठाची छोटी पुडी दोन हातांत देऊन बघा, चेहरा पाहण्यासारखा होतो. हँगर आणि दोन पिशव्यांचा घरगुती तराजू पुरेसा आहे. आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा या वयात काहीच शिकवत नाही, कारण काय समतोल झालं ते त्यात दिसत नाही. वेळेचं मोजमाप आणखी उशिरा येतं, घड्याळ वाचायची घाई दुसरीपर्यंत करू नये असं माझं मत आहे. क्षेत्रफळाबद्दल तर इथे बोलतच नाही.

स्वयंपाकघरात मात्र खजिना आहे. आपल्याकडची जुनी धान्याची मापं बघा: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. सगळं दुपटीवर चालतं. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं आली तरी गावाकडे अनेक घरांत पायली आणि शेर अजून आहेत. मापट्याने शेर भरायचा, चिपट्याने मापटं भरायचं, हा खेळ पाच-सहा वर्षांच्या मुलाला तासभर पुरतो आणि त्यातून 'अर्धं' आणि 'पाव' हातात येतं. ही मापं नसतील तर दोन वाट्या घ्या, एक दुसरीच्या निम्मी. डबा भरताना तीन वाट्या झाल्या आणि थोडं उरलं, त्या 'थोड्या'चं काय करायचं? अर्धी वाटी. इथे अपूर्णांकाची खरी गरज निर्माण होते, चौथीत वर्तुळाचे तुकडे रंगवताना होत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ वासिली दाविदोव यांनी तर पहिलीचं गणितच असं रचलं होतं की मुलं आधी लांबी, वजन, पाणी यांची तुलना करतात आणि संख्या नंतर येते, मापाने मोजल्याचं उत्तर म्हणून. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणावं असं मी म्हणणार नाही, पण त्यामागचा विचार पक्का आहे.

कारण आपण ठरवलेला हाच 'एक' पुढे स्थानिक किमतीत परत येतो. दहा काड्यांना रबरबँड लावला की त्या दहाही असतात आणि एक दशकही असतो. ज्या मुलाला एक वाटी म्हणजे दोन छोट्या वाट्याही असू शकतात हे हाताने कळलंय, त्याला हातच्याची बेरीज कमी छळते. संख्यारेषेबद्दलही तेच. रॉबर्ट सीगलर आणि ज्युली बूथ यांनी २००४ मध्ये मुलांना ० ते १०० अशा कोऱ्या रेषेवर संख्या दाखवायला सांगितली. बालवर्गातली मुलं लहान संख्यांना भरपूर जागा देतात आणि मोठ्या सगळ्या टोकाशी दाटीवाटीने ठेवतात. दुसरीपर्यंत ही अंतरं बरीच समान होतात. म्हणजे संख्या सारख्या अंतरावर असतात हेसुद्धा मापाचंच ज्ञान आहे.

घरी काय करायचं, तर अंगणात किंवा फरशीवर खडूने सरळ ओळीत दहा चौकोन आखा, १ ते १० आकडे लिहा, आणि १ किंवा २ एवढंच दान पडेल असा खेळ खेळा. सीगलर आणि गीता रमाणी यांनी अशाच पटावर पंधरा-पंधरा मिनिटं चार वेळा खेळवून बालवर्गातल्या मुलांची संख्यांची समज सुधारल्याचं २००८ मध्ये दाखवलं. एक बारकावा सांभाळा: ४ वर असताना दोनचं दान पडलं तर "एक, दोन" म्हणत सरकू नका, "पाच, सहा" म्हणा. सापशिडी नंतर खेळा. तिच्यात प्रत्येक ओळीत दिशा उलटते, त्यामुळे या वयात मूल संख्येऐवजी वाट शोधण्यात गुंततं. चिंचोके, सागरगोटे, बांगड्यांचे तुकडे, काहीही चालतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी बालवाडी उभी केली ती महागडं साहित्य विकत न आणता, आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, खडे, शिंपले, पानं यांवर. त्या कामाकडे मी अजूनही परत परत जाते, कारण मुलाच्या ओळखीच्या वस्तूवर मुलाचा विचार लवकर पोचतो.

शाळेच्या निरोपाबद्दल. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने २०२१ मध्ये जी लक्ष्यं ठरवली त्यांत पहिलीच्या आधीच्या बालवाटिका वर्षात १० पर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं अपेक्षित आहे, आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं पहिलीत. साडेचार वर्षांच्या मुलीकडून ५० पर्यंत लिहून घेण्याला या लक्ष्यांत कुठेही आधार नाही. तिची बोटं अजून घडत आहेत, लिहायचा कंटाळा आला तर गणिताचाच कंटाळा येईल. शिक्षिकेशी भांडू नका. त्यांच्यावर पालकांचाच दबाव असतो. त्यांना भेटून एवढंच विचारा: "हिला किती 'दे' म्हटल्यावर नेमके देता येतात, ते वर्गात बघाल का? आणि लिखाण दहापर्यंतच ठेवता येईल का?"

आणि लक्ष कधी द्यायचं तेही सांगते. सहा पूर्ण झाल्यावर, घरी आणि शाळेत भरपूर खेळूनही, तीन ठिपके न मोजता ओळखता येत नसतील, ४ आणि ७ यांतलं मोठं कोणतं हे सांगता येत नसेल, किंवा पाच वस्तू मोजताना प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मुलांच्या अध्ययन अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. जाताना एका वहीत नोंदी घेऊन जा: कितीपर्यंत मागितल्यावर बरोबर देते, नजरेने किती ओळखते, साखळी कुठून कुठून पकडता येते, दोन काड्यांतली लांब कोणती हे कसं ठरवते. या चार नोंदींनी तज्ज्ञांचं पुष्कळ काम सोपं होतं. पण ते सहा पूर्ण झाल्यावर. आत्ता तिला शेंगदाणे सोलायला बसवा आणि प्रत्येकाच्या वाटीत पाच-पाच वाढायला सांगा.